वरचा वारा

१

अँब्रोझ काका सापडले तेव्हा त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

सकाळी ओहोटी लागल्यावर रोझेला काकू चुलीतली राख टाकायला बाहेर आली आणि काकांच्या धक्क्याखाली, खडकांच्या कपारीत, तिला तपकिरी स्वेटर दिसला. रात्रभर ईशान्येचं वादळ घोंघावत होतं. तिला वाटलं, कुणाचा तरी वाळत घातलेला उडून आला असेल. मग स्वेटरला हात दिसले.

तिच्या ओरडण्यानं अख्खं गॅनेट कोव्ह गाव धक्क्यावर जमा झालं. तशी आता घरं उरलीत किती म्हणा. मासे संपले, तरणी माणसं देशाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला अल्बर्टात तेलाच्या कामावर गेली, मागे म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका. काका त्यातले सगळ्यांत म्हातारे.

पोलीस येईपर्यंत कुणी हात लावला नाही. सार्जंट टिबोंनी एकेक बोट सोडवून मूठ उघडली. आत जाळीच्या पडद्याचा फाटका तुकडा होता.

नाताळनंतरच्या बारा रात्री तोंडावर पडदा टाकून दारोदार कोण हिंडतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सोंगं. आणि आदल्या संध्याकाळी सोंगं शेवटची नाचली ती कोरिनच्या स्वयंपाकघरात. काका तिथल्याच खुर्चीवरून उठून गेले होते.

कोरिननं कडेवरच्या मेव्हचं डोकं आपल्या खांद्यात दाबून धरलं. पोरीनं बघू नये म्हणून, आणि आपला चेहरा कुणाला दिसू नये म्हणूनही.

२

"चार होती," कोरिन म्हणाली.

टिबो खाडीपलीकडच्या गावचे. सोंग म्हणजे काय, हे त्यांना समजवावं लागलं नाही. त्यांनी चहात डब्यातलं दूध ओतलं आणि नुसतं "हं" केलं.

"एक रोझेला काकू, नवऱ्याच्या विजारीत. तिला ओळखायला काय लागतं, हसली की चुलीवरची किटली हलते. दोघं डाल्टन भाऊ. नाव बरोबर आलं की पडदा वर करायचा, तसे तिघांनी केले."

"आणि चौथं?"

"ते नाही ओळखू आलं. अंगात बायकी झगा, पाठीला उशीचं कुबड, तोंडावर दुहेरी पडदा. आवाज लपवायला सगळेच श्वास आत ओढून बोलतात, हे तर बोललंही जेमतेम. पडद्याखालून केक खाल्ला, मेव्हच्या डोक्यावर हात ठेवला आणि चुलीपाशी बसून राहिलं."

"नावं घेतली असतील ना तुम्ही?"

"घराघरातल्या पुरुषांची घेतली. मान हलवत राहिलं. काका मात्र हसत होते. म्हणाले, 'तुम्ही सगळे घरं मोजत बसलाय.' मी म्हटलं, म्हणजे काय हो काका? तर म्हणे, 'उद्या सांगेन.' सोंगं गेली, मागोमाग काकांनीही टोपी घातली."

टिबोंनी पिशवीतला तुकडा टेबलावर ठेवला. कडेनं बोटीच्या नांगरांची वेल विणलेली होती. "ओळखीचा?"

"असे पडदे घरोघर होते पूर्वी," कोरिन म्हणाली. ती वेल तिच्या आईच्या हातची होती. तो पडदा परसातल्या जाळ्यांच्या खोपीत, आईच्या पेटीत असायला हवा होता.

"काका पडल्यानं गेले नाहीत," टिबो सावकाश म्हणाले. "पायाचं हाड मोडलंय फक्त. गेले ते थंडीनं. वर उभं असलेल्या माणसाला हाक ऐकू आली असती." मग त्याच सुरात, "नवरा कुठे होता तुमचा, जेरार्ड?"

"बोट बांधायला गेला होता. वादळ होतं ना."

"एकटाच?"

"एकटाच."

"धक्का पाडायचा म्हणून त्याचं काकांशी वाजलं होतं, असं ऐकतो."

"सगळ्या गावाचं वाजलं होतं. कुजलाय तो धक्का. पोरं खेळतात तिथे."

टिबोंची नजर भिंतीवरच्या नकाशाकडे गेली. अल्बर्टातल्या एडमंटनपासून टोरंटोवरून इथल्या सेंट जॉन्सपर्यंत लाल लोकर ताणलेली आणि तिच्यावर कागदी विमान अडकवलेलं. "हे काय?"

"पोरीसाठी. बाबा कुठवर आला, ते बघते. चार हजार किलोमीटरच्या वर आहे, तिला नुसतं 'लांब' सांगून भागत नाही." कोरिनला त्यातल्या त्यात बोलायला बरं वाटलं. "जाताना तिला विमान हळू सरकवायला सांगते, येताना भरभर. खरंच तसं असतं. तेवढंच अंतर, पण जाताना तासभर जास्त लागतो. मी तिला म्हणते, वरचा वारा नेहमी घराकडे वाहतो."

"बाप आठवडेच्या आठवडे घरात नसतो, त्या पोरीला तेवढाच दिलासा," टिबो म्हणाले आणि उठले. दार उघडलं, बाहेर गेले, आणि बाहेरून दार ओढताना त्यांना दोनदा हिसके द्यावे लागले.

ते दार ओल्या हवेत फुगतं. गुडघा लावून जरा उचलावं आणि मग ओढावं, तर बसतं. रोझेला काकू सगळा जन्म त्या घरात येतेय, तीसुद्धा अजून धडपडते. पण काल चौथ्या सोंगानं जाताना झग्याखालून गुडघा लावला, दार उचललं आणि एका ओढीत बंद केलं. न बघता.

हे कोरिननं सार्जंटना सांगितलं नव्हतं. ती खुबी त्या घरात राहिलेल्यालाच ठाऊक, आणि त्या घरात आता पुरुष एकच होता.

३

दुपारी लिअँडर आला.

बर्फातून वाट काढत, खांद्यावर पिशवी टाकून, कुणाला न कळवता. कोरिनचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो मेव्हएवढा होता आणि कोरिन शाळेत. याच घरात तिनं त्याला वाढवलं, आणि समोरच्या धक्क्यावर अँब्रोझ काकांनी. काट्याला आमिष कसं लावायचं, गाठ कशी मारायची, रबरी बूट घालून ओल्या फळ्यांवर कसं चालायचं, सगळं काकांचंच शिकवणं. सप्टेंबरात तो मित्राच्या ट्रकमध्ये बसून, फेरीबोटीनं आणि मग दिवसचे दिवस रस्त्यानं, पश्चिमेला गेला होता. जेरार्डनंच शब्द टाकून काम मिळवून दिलं होतं.

"ली," ती म्हणाली आणि तिला रडूच आलं. तिनं काकांचं सांगितलं. तो भिंतीला टेकून तसाच खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

तिनं कणकेचे गोळे तळले, वर काकवी ओतली. त्यानं ताट नुसतं पुढे ओढून ठेवलं.

"खा रे. वाळलायस किती. क्लीटसच्या टॅक्सीनं आलास?"

"चुकला क्लीटस. पहिल्यांदा विमानात बसलो, कोरी, तेही असं. रात्रभर वारा समोरून. विमान पुढे सरकेना. इतका उशीर झाला की क्लीटस वाट बघून निघून गेला असणार. एका परक्या माणसानं फाट्यापर्यंत सोडलं."

"इथेही तोच होता. ईशान्येचा. छप्पर जातं की काय असं वाटत होतं."

"हो ना," लिअँडर म्हणाला.

मेव्ह खुर्चीवर चढली आणि तिनं कागदी विमान सेंट जॉन्सला आणून टेकवलं. "ली मामा आला," तिनं जाहीर केलं. "ली मामाचं विमान उशिरा आलं."

तेवढ्यात परसातून टिबोंची हाक आली. खोपीचं दार उघडं होतं, आणि ते आईच्या पेटीसमोर उभे होते.

४

पेटीत एकच पडदा होता. त्याचा जोडीदार नव्हता.

"सकाळी म्हणालात, असे घरोघर होते," टिबो म्हणाले. आवाज चढवला नाही, त्याचीच कोरिनला जास्त भीती वाटली. "उद्या सकाळी जेरार्डला बरोबर न्यावं लागेल. आज रात्री कुणी गाव सोडू नका."

जेरार्ड खोपीच्या कोपऱ्यात जाळं गुंडाळत उभा होता. टिबो गेल्यावरही तो गुंडाळतच राहिला.

"बोट बांधायला इतका वेळ लागतो?" कोरिननं विचारलं.

"नाही लागत."

"मग?"

"बसलो होतो. बोटीच्या खोलीत."

"वादळात? एकटा? घरात सोंगं आली होती, पोरगी बाबा बाबा करत होती."

"तिकडे कॅम्पात जेवायला रांग, अंघोळीला रांग, भिंतीपलीकडचा माणूस घोरतो तेही ऐकू येतं. घरी आलो की स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं. वाटलं, थोडा वेळ कुणी नको." त्यानं जाळं खाली ठेवलं. "तुला हे सांगायला बरं वाटत नाही, म्हणून बोट बांधतो म्हणतो."

ते खरं वाटत होतं. पण खोटंसुद्धा असंच वाटलं असतं. गेली काही वर्षं तिचा नवरा महिन्यातले तीन आठवडे दुसऱ्या टोकाला राहत होता. परत येणारा माणूस प्रत्येक वेळी थोडा नवा असे, आणि तिला त्याच्याकडे चोरून बघत बसायची सवय लागली होती.

"विचार ना," जेरार्ड म्हणाला. "काय विचारायचंय ते सरळ विचार."

तिच्यानं विचारवलं नाही. तो उठला आणि तिच्या बाजूनं निघून गेला.

५

काकांना सेंट जॉन्सला नेलं होतं, त्यामुळे माणसं बसायला रोझेला काकूकडे जमली. कोरिन केक घेऊन गेली. कोपऱ्यात क्लीटस टॅक्सीवाला चहा ढवळत कुरकुरत होता.

"म्हातारा गेला तो दिवसच वाईट. सकाळी विमानतळावर माझीही फजिती. पश्चिमेकडचं विमान वेळेच्या आधीच टेकलं. मी अजून वाटेत खारा मासा घेत होतो. जाऊन बघतो तर आपल्या गावच्या दोघी बायका सामान घेऊन थंडीत उभ्या. काय काय ऐकवलं मला."

"तुला ऐकवलं ते कमीच," रोझेला काकू म्हणाली. "वेळेवर कधी होतास तू? तुझ्या लग्नातही पाद्री तासभर थांबला होता."

"अगं, पण विमानच धावत आलं त्याला मी काय करू? मागून वारा असा की ढकलत आणलं म्हणे. वैमानिकानंच सांगितलं त्यांना."

कोरिनच्या हातातली सुरी केकमध्ये थांबली. "आणि ली? तो नाही भेटला तुम्हाला?"

"ली?" क्लीटसनं वर पाहिलं. "तो कधी आला?"

ती काहीतरी पुटपुटून बाहेर पडली. वारा पडत आला होता, तरी धक्क्यावर अजून तोंडावर बसत होता. ती तिथेच उभी राहिली.

वादळ होतं ते खालचं. घरं, बोटी, झाडं, माणसं, यांच्यापुरतं. वर, ढगांच्याही वर, वाहतो तो वेगळाच वारा. त्याला इथल्या वादळाचं सोयरसुतक नसतं. पश्चिमेकडून पूर्वेकडे, अल्बर्टाकडून घराकडे. नवरा जायला लागल्यापासून, मेव्हला मांडीवर घेऊन, तिनं त्याची विमानं मोजली होती. घरी येणारं विमान समोरच्या वाऱ्यानं अडल्याचं तिला एकदाही आठवत नव्हतं. काल रात्री विमानात बसलेल्या माणसाला तर ते वैमानिकानंच सांगितलं होतं.

पण गॅनेट कोव्हच्या माणसाला वारा म्हणजे धक्क्यावर तोंडावर बसतो तो. बापजाद्यांनी त्याच वाऱ्याच्या हिशेबानं बोटी हाकल्या. क्लीटसच्या टॅक्सीत आपण का नव्हतो, याचं कारण शोधताना लीनं हाताशी होता तो वारा उचलला आणि आभाळात नेऊन ठेवला. ईशान्येचा वारा त्याच्या तोंडावर रात्रभर बसला होता. तो एडमंटनला बसत नाही.

आणि काका हसत होते. तुम्ही सगळे घरं मोजत बसलाय. खरंच होतं. त्यांनी घराघरातला पुरुष मोजला, आणि चार हजार किलोमीटरवर असलेल्याचं नाव घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. काकांनी घरं नाही मोजली. चुलीपाशी येताना, जाताना त्या सोंगाचे पाय कसे पडतात ते पाहिलं. त्या पायांना चालायला त्यांनीच शिकवलं होतं.

आईची पेटी कुठे आहे ते जेरार्डला ठाऊक होतं. दाराची खुबीही त्याला ठाऊक होती. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला आणखी एक माणूस होता, आणि त्याला तिनं आज दुपारी काकवी वाढली होती.

६

मेव्हला तिनं रोझेला काकूकडेच ठेवलं. लिअँडर टेबलाशी बसला होता. ताट तसंच, वरची काकवी घट्ट झालेली.

"ली, विमान टेकलं तेव्हा वैमानिक काय म्हणाला?"

"काय म्हणणार? उशिराबद्दल माफ करा."

"विमान लवकर आलं होतं. क्लीटसला गाठता आलं नाही इतकं लवकर." ती त्याच्यासमोर बसली. "वरचा वारा घराकडे वाहतो, बाळा. समोरून होता तो इथला. खोपीतला."

मग त्यानं ताट हळूच बाजूला सारलं, जसं लहानपणी नको असलं की सारायचा.

"नाताळाच्या आधीच काढून टाकलं त्यांनी मला," तो म्हणाला. "आमची अख्खी तुकडी. जेरार्डनं शब्द टाकला होता ना माझ्यासाठी, कुठल्या तोंडानं फोन करू? ट्रकवाल्यांच्या शेजारी बसून आलो. फेरीबोट. मग खोपीत. तुमच्या खिडकीत दिवा दिसायचा. म्हटलं, बारा रात्री आहेतच, एक संध्याकाळ पडद्याआडून बसावं चुलीपाशी. कुणी काही विचारणार नाही. मग कुठंतरी जावं."

"आणि काका?"

"मागून आले. धक्क्यावर गाठलं. 'ली,' म्हणाले, 'ओळखलंय मी, आता पडदा वर कर, नियम आहे.' मी म्हटलं, काका, जाऊ द्या. ते हसत होते गं. हसत हसतच त्यांनी पडदा धरला. मी मान हिसडली." त्यानं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "एवढंच केलं मी. फळी ओली होती."

कोरिनला तो प्रश्न विचारायचा नव्हता.

"त्यांनी हाक मारली?"

त्यानं पालथे हात टेबलावर आणखी दाबले.

"ली. मारली का हाक?"

"माझ्या नावानं," लिअँडर म्हणाला. "ती ऐकून कुणीतरी दार उघडेल, असं वाटलं. मी खोपीत गेलो आणि उघडायची वाट बघत राहिलो. वारा फार होता. कुणाला ऐकूच नाही गेलं."

"तुला गेलं."

"मला गेलं."

ती उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिला त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. काल त्यानं मेव्हच्या डोक्यावर ठेवला होता तसा. तो हात आठवला आणि तिचा हात अर्ध्यातच राहिला.

"उद्या सकाळी जेरार्डला नेणार आहेत," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. खिडकीतून ऐकलं मी." तो उठला, कोट चढवला. "टिबो रोझेला काकूच्या दाराशी आहेत ना? गाडी दिसली मघाशी."

"खाऊन जा थोडं."

"नको, कोरी."

त्यानं दार उघडलं. बाहेर पाऊल टाकलं, मागे वळून न बघता गुडघा लावला, जरासं उचललं आणि ओढलं. दार एका ओढीत बसलं.

जिन्याच्या पायरीवर जेरार्ड बसलेला होता. कधीपासून, कोण जाणे.

"काल त्यानं दार असंच लावलं असणार, आणि तू पाहिलंस," तो म्हणाला. "सार्जंटना सांगितलं नाहीस."

"नाही."

"कारण तुला वाटलं, तो मी होतो."

खिडकीतून लिअँडर दिसत होता. धक्क्याला वळसा घालून, ओल्या बर्फावर तळवे सपाट टेकत, काकांनी शिकवलं होतं तसा तो टिबोंच्या गाडीकडे चालला होता. कोरिन जेरार्डकडे न वळता त्याच्याकडेच बघत राहिली.

बाराव्या रात्रीनंतर जेरार्ड कामावर गेला. मेव्हनं कागदी विमान लोकरीवरून पश्चिमेकडे सरकवलं, तिला शिकवलं होतं तसं हळूहळू.

"आई, वरचा वारा घराकडे वाहतो ना?"

"हो."

"मग बाबा लवकर येणार?"

कोरिन दाराशी उभी होती. सकाळपासून ते बसत नव्हतं. तिनं गुडघा लावला, मग तसंच किलकिलं सोडून दिलं आणि पोरीला जवळ घेतलं.